बिल्बाओ म्हणजे गुगेनहाइम? छ्या!

परवा एका प्रेझेंटेशनमध्ये पुन्हा तीच स्लाइड. नदीकाठी चकचकीत टायटॅनियमची इमारत, खाली ठळक अक्षरात 'बिल्बाओ इफेक्ट'. म्हणजे काय, तर स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात एक मरायला टेकलेलं शहर होतं, १९९७ साली फ्रँक गेहरीचं गुगेनहाइम म्युझियम उघडलं आणि शहर जिवंत झालं! असा निष्कर्ष काढायला बहुतेक एमबीए लागत असावं.

अरे, मुळात ते शहर मरायला का टेकलं होतं? बिल्बाओजवळच्या डोंगरांत लोहखनिज होतं, आणि त्यात फॉस्फरस कमी. १८५६ साली बेसेमरने पोलाद करायची जी पद्धत काढली तिला नेमकं असलंच खनिज लागायचं. मग खनिज बोटीने ब्रिटनला, येताना तिकडचा कोळसा. नेर्वियोनच्या खाडीकाठी भट्ट्या, गोद्या, बँका... सगळं या मातीच्या जिवावर. पुढे १९७०च्या दशकात पोलाद आणि जहाजं, दोन्ही धंदे बसायला लागले. एउस्काल्दुना गोदी वाचवायला १९८४ मध्ये कामगार पोलिसांशी रस्त्यावर भिडले, तरी गोदी गेलीच. आल्तोस ओर्नोस ही पोलाद कंपनी १९९६ मध्ये बंद. खाडीत कारखान्यांची घाण आणि गावाचा मैला, ऑक्सिजन जवळजवळ शून्य.

आता हे नुसता यूआय बदलून सुधारतं का हो? बॅकएंडचं काम आधी चालू होतं. सांडपाण्याची वाहिन्यांसकट सगळी यंत्रणा उभारायला घेतली ती म्युझियमच्या कितीतरी आधी, आणि खर्च त्याच्या कितीतरी पट. बंदर शहरातून उचलून खाडीच्या मुखाशी नेलं, म्हणून काठ मोकळा झाला. नॉर्मन फॉस्टरची मेट्रो १९९५ची. स्लाइडवर यातलं एकही नाही, कारण गटाराचा फोटो कोण लावणार?

आणि पैसा कुठून आला? हे तर कुणी विचारतच नाही. बास्क प्रांत आपले कर स्वतः गोळा करतात आणि माद्रिदला ठरलेला हिस्सा देतात. करार १८७८चा. फ्रँकोने १९३७ मध्ये बिस्काया आणि गिपुस्कोआकडून तो काढून घेतला (विरोधात लढले म्हणून शिक्षा!), तो १९८१ मध्ये परत मिळाला. म्हणून तर इमारतीचे सुमारे १० कोटी डॉलर तिथल्या सरकारांना उभे करता आले, वर न्यूयॉर्कच्या फाउंडेशनला २ कोटी वेगळे! होर्खे ओतेइसासारख्या तिथल्याच ज्येष्ठ शिल्पकाराने तेव्हा कडाडून विरोध केला होता. ज्या नगरपालिकेला रस्त्याच्या डांबरासाठीही राजधानीकडे हात पसरावे लागतात, तिला हा 'इफेक्ट' विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

म्युझियम वाईट आहे असं म्हणत नाहीये मी. देखणंच आहे ते. पण जाल तेव्हा फोटो काढून झाले की मेट्रो पकडा आणि सेस्ताओला उतरा. आल्तोस ओर्नोसची एक भट्टी तिथे अजून उभी आहे.