काळं तेल आणि पांढरपेशे

आमच्या वडवणीत कुणी गाडी घेतली की लोक पहिले आठ दिवस पेढे मागतात आणि पुढची पंधरा वर्षं सल्ला देतात. पेढे परवडतात. सल्ला परवडत नाही, हे मला गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा कळलं.

ऑइलच्या बाबतीत आमच्याकडे दोन पंथ आहेत. पहिला स्वावलंबी पंथ. ऑइल बदलणं म्हणजे खालचा एक नट काढणं, जुनं तेल गळू देणं, नट परत लावणं आणि वरून नवं तेल ओतणं. एवढ्याशा कामाला जो दुसऱ्याला पैसे देतो तो उद्या शर्टाची बटणं लावायलाही गडी ठेवील, असं या पंथाचं म्हणणं. दुसरा बीडपंथ. गावातल्या मिस्त्रीच्या तेलकट हातात गाडी देणं यांना शोभत नाही. गाडी बीडलाच न्यावी. तिथं काचेचं दालन, गार हवा, हातात कॉफीचा कप, आणि कॉफी संपेपर्यंत ऑइल बदलून तयार!

मी दोन्ही पंथांत राहून आलोय आणि दोन्हीकडचा प्रसाद खाल्लाय. म्हणून आज ठासून सांगतो, दोन्ही पंथ चुकीचे आहेत. गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. ती शेवटी सांगतो. आधी प्रसाद.

माझी गाडी मारुती आठशे. ही गाडी बनणं 2014 साली बंद झालं; माझी त्याच्या दोन वर्षं आधीची. मी ती दुसऱ्या हातानं घेतली तेव्हा शेजारच्या गुरुजींनी स्वावलंबनावर अर्धा तास घेतला. मजुरीचे दोनशे रुपये वाचतात, हा त्यातला सारांश. मी स्वतः मास्तरकीतून निवृत्त झालेला. श्रमप्रतिष्ठेवर आयुष्यभर निबंध लिहून घेतलेले. प्रत्यक्ष श्रम तेवढे राहिले होते. मी दुकानातून तीन लिटरचा डबा आणला. डब्यावर 20डब्ल्यू-40 असं लिहिलेलं. हा डब्ल्यू म्हणजे वडवणी असावा, असं मी हिला सांगितलं. तो विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा असतो, आणि पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, हे मला मागाहून कळलं. मे महिन्यात आमच्या अंगणात या ज्ञानाचा तसाही उपयोग नव्हता.

पुढची चाकं दोन पक्क्या ओट्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि मी घमेलं घेऊन गाडीखाली शिरलो. (नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये. माझ्या मूर्खपणालाही काही मर्यादा आहेत.) खाली उताणं पडल्यावर डावं-उजवं बदलतं. त्यामुळे नट सैल करताना मी तो दहा मिनिटं घट्ट करत होतो. शेवटी निघाला एकदाचा. तेल आलं ते मधासारखं, पिवळसर, स्वच्छ. मी गाडीखालूनच ओरडलो, "अगं बघ, गाडी किती जपून वापरलीय मी!"

ही म्हणाली, "मग एवढं चांगलं तेल काढता कशाला?"

बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, असं म्हणून मी ते घमेलं बोअरशेजारच्या खड्ड्यात रिकामं केलं, नट लावला आणि वरून आख्खा डबा ओतला. तेल मोजायची काडी ओढून बघायची असते, हे माहीत होतं. पण पुस्तिकेत मापच छापलेलं असताना काडी कशाला? छापलेल्यावर विश्वास, हा मास्तरांचा जुना रोग.

गाडी चालू केली तर मागून चुलीसारखा धूर आणि आतून म्हातारं कण्हावं तसा आवाज. तशीच रडतखडत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीला सगळा गाव चाचा म्हणतो. चाचांनी काडी ओढली, बोटं हुंगली आणि खाली वाकून बघितलं.

"सर, काळं तेल होतं तिथंच हाय. तुम्ही गिअरचं काढलं."

"म्हणजे?"

"म्हणजे गिअर कोरडा, अन् इंजिनात दुप्पट. लांबून आणली का?"

"घरून."

"घर जवळ हाय, हे बरं झालं."

गिअरचं तेल वेगळं, त्याचा नट वेगळा, त्याला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते इंजिनातल्यासारखं काळं होत नाही, हे सगळं चाचांनी मला एका वाक्यात सांगितलं. दोनशे रुपये वाचवायला निघालो होतो. सगळं मिळून बावीसशे गेले.

वर्षभरानं मी बीडपंथात गेलो. काचेच्या पलीकडे गाडी दिसत होती. काय करतात ते दिसत नव्हतं. एका पोरानं काडीला लागलेलं तेल पांढऱ्या कागदावर टेकवून मला दाखवलं आणि डॉक्टर एक्स-रे दाखवताना करतात तसा चेहरा केला. "बघा सर, किती काळं!" मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाला इंजिन आतून धुण्याचं औषध विकलं जातं, वर शक्तिवर्धक बाटली विकली जाते, हवेची जाळी विकली जाते. आता कळतं, तेल काळं होणं हा रोग नाही. आतली काजळी, कीट स्वतःत धरून ठेवावी, यासाठीच तर तेलात साबणासारखी द्रव्यं घातलेली असतात. तेल काळं झालं म्हणजे त्यानं काम केलं. चाचांचे हात काळे असतात, ते काय त्यांना रोग झाला म्हणून?

निघताना काचेवर चिठ्ठी चिकटवली: तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा या. पुस्तिकेतला आकडा याहून मोठा होता. हा मंत्र काही बीडचा नव्हे. अमेरिकेत लोकांनी दर तीन हजार मैलांना तेल बदलण्याचं व्रत पिढ्यान्‌पिढ्या पाळलं; आज तिथले बहुतेक गाडी बनवणारे त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर सांगतात. व्रत मात्र सुटत नाही. उद्यापन करायचं कसं, ते दुकानदार सांगत नसावेत.

घरी आलो आणि सकाळी फरशीवर थेंब. पुन्हा चाचा. त्यांनी फिल्टर काढून माझ्यापुढे धरला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला तशीच चिकटलेली, तिच्यावर नव्याची दुसरी. "कॉफी पीत होते का सर?" एवढंच त्यांनी विचारलं.

तर माझा पक्ष असा. तेलाचा सीलबंद डबा आपण न्यावा. काम मिस्त्रीनं करावं, कारण त्याच्या हातांना नट ओळखू येतो. आणि आपण तिथं उभं राहून बघावं. मजुरी ही काही दानधर्म नव्हे आणि उधळपट्टीही नव्हे. ती आपल्या अज्ञानाची रास्त किंमत आहे. ज्याला खरंच येतं त्यानं खुशाल स्वतः करावं. पण दोनशे रुपये वाचवण्याला श्रमप्रतिष्ठा म्हणू नये. ती असती, तर आपण ते दोनशे रुपये मिस्त्रीच्या श्रमाला घासाघीस न करता दिले असते.

आता दोन्ही पंथांची ती एकच चूक. जुन्या तेलाचं पुढं काय होतं, ते दोघंही बघत नाहीत. बीडपंथ कॉफी पीत असतो. स्वावलंबी पंथ तेल नालीत सोडतो, अंगणात धूळ बसावी म्हणून शिंपडतो, वाळवी लागू नये म्हणून चौकटीला फासतो. मी तर बोअरशेजारी ओतलेलं! एका गाडीतून निघालेलं जळकं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेचं सरकारी पर्यावरण खातं सांगतं. तिकडे गॅलन आहेत. आमच्याकडे 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आम्ही घागरी मांडून टँकरची वाट बघत होतो. ज्या गावात पाण्याचा थेंब मोजतात, त्या गावातला निवृत्त मास्तर बोअरच्या तोंडाशी घमेलंभर तेल ओततो आणि वर गाडी जपून वापरल्याची फुशारकी मारतो!

जळकं तेल हा घातक कचरा आहे, तो नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा, असा नियम आहे. 1 एप्रिल 2024 पासून तर तेल विकणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकली आहे. हे सगळं मी चाचांना ऐकवलं. त्यांच्याकडे पिंप होतंच. त्यातलं तेल स्लॅबच्या सेंट्रिंगवाल्यांना जायचं, पत्र्यांना लावायला.

चाचा शांतपणे म्हणाले, "नियम बराबर हाय सर. पण तो घेणारा वडवणीला येतो का? सेंट्रिंगवाला रोज येतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास्तरला उत्तर नसलं की तो वर्गणी काढतो. आता गॅरेजात झाकणाचं वेगळं पिंप आहे. ते भरलं की चाचांचा पुतण्या सुटे भाग आणायला शहरात जाताना टेम्पोत घालून रीतसर घेणाऱ्याकडे पोचवतो. भाडं आम्ही पाच-सहा गाडीवाले मिळून देतो. तेलाचे थोडे पैसे परत येतात. भाडं निघतंच असं नाही.

गुरुजी मात्र वर्गणीला तयार होईनात. "तेलाला पैसे, मजुरीला पैसे, आणि आता कचऱ्यालाही भाडं? आमची आपली नाली काय वाईट आहे?"

मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्या नालीपासून तुमचा बोअर किती पावलांवर आहे?"

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी गच्चीवरून बघितलं, तर गुरुजी नालीपासून बोअरकडे एकेक पाऊल मोजत चालले होते. सात भरली. मग परत फिरून, जरा लांब टांगा टाकत, त्यांनी पुन्हा मोजलं. ती सहाच भरली.

दुसऱ्या दिवशी वर्गणी आली. पन्नास रुपये कमी होते, पण आली.