उंच पिकअप आणि इंजिनिअरची सही

जर्मनीत पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगवर दोन इंचांचा स्पेसर चढवायचा आणि खाली ३५ इंची टायर घालायचे म्हटले, की दोन बाजूंनी ओरड होते. गाडीवेडे म्हणतात, ‘गाडी माझी, पैसे माझे, मध्ये तपासणीवाला कशाला?’ त्यांच्या समोरून येणारे म्हणतात, ‘हे थेर मुळातच बंद करा, कंपनीने दिली तशी गाडी चालवा.’ आपल्याकडे थार आणि बोलेरो कॅम्परवरून चालणारा वाद याहून वेगळा नाही. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. गाडी बदलणे हा गुन्हा नव्हे, पण ती निव्वळ खासगी बाबही नव्हे. बदल करावा, तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, त्याने त्याखाली सही करावी आणि ती सही गाडीच्या कागदांत दिसावी. जर्मन पद्धतीचे सार एवढेच आहे, आणि ते आपण घेण्याजोगे आहे.

आधी हौशी मंडळींचा पक्ष घेऊ. त्यांचा पहिला दावा असा, की लेव्हलिंग किट, म्हणजे पुढची बाजू उचलणारा तो स्पेसर, ही फक्त दिसण्याची गोष्ट आहे. नाक खाली आणि शेपूट वर अशी उभी असलेली गाडी त्यांना खटकते. पुढची बाजू उचलली की ती सपाट दिसते. पण ती शेपूट वर का होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. रॅम २५०० किंवा फोर्ड सुपर ड्यूटी यांसारख्या हेवी ड्यूटी पिकअपचा जन्मच ओझे वाहण्यासाठी आणि ट्रेलर ओढण्यासाठी झाला आहे. मागे वजन पडले की शेपूट खाली बसते आणि गाडी सपाट होते, हा हिशेब कारखान्यात केलेला असतो. रिकामी गाडी सपाट केली, तर भरलेली गाडी नाक वर करून धावणार.

नाक वर झाले की काय होते, तेही मोजून पाहू. जर्मनीत हेडलाइटच्या कवचावर डिप्परच्या झोताचा उतार टक्क्यांत छापलेला असतो. एक टक्का म्हणजे दहा मीटरवर झोताची वरची कड दहा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. क्रू कॅब रॅम २५०० च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण ३.८ मीटर अंतर असते. पुढची बाजू पाच सेंटिमीटर उचलली की गाडी जवळपास १.३ टक्के वर झुकते. म्हणजे एक टक्का खाली असलेला झोत आडव्या रेषेच्या वर गेला, आणि तोही गाडी रिकामी असताना! मागे भरलेला ट्रेलर जोडला की तो आणखी चढतो आणि समोरच्या छोट्या गाडीतल्या माणसाच्या थेट डोळ्यांत जातो. हेडलाइटचा स्क्रू फिरवून हे दुरुस्त होते, हे खरे. पण तो फिरवला की नाही, हे कोणी पाहायचे?

झोत दिसतो तरी. गाडीच्या पोटातले बदल दिसतही नाहीत. या गाड्यांचा पुढचा अॅक्सल अखंड असतो. चासी वर गेली की त्याला धरणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात. कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल, घटतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते. अॅक्सलला आडवा धरणारा ट्रॅक बार त्याला थोडा एका बाजूला खेचतो. आधीच झिजलेल्या जोडांवर हा ताण पडला, की खड्डा लागताच पुढची चाके थडथड करू लागतात. या थडथडीला अमेरिकेतल्या चालकांनी ‘डेथ वॉबल’ असे नाव देऊन ठेवले आहे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

दुसरा दावा मोठ्या टायरांचा: टायर मोठा म्हणजे गाडी उंच, दणकट आणि कुठेही जाणारी. इथेही गणित साथ देत नाही. एलटी २७५/७० आर १८ या टायरचा व्यास सुमारे ८४२ मिलिमीटर भरतो. ३५ इंची टायरचा ८८९. वाढ ४७ मिलिमीटरची, पण अॅक्सल चाकाच्या मधोमध असल्यामुळे डिफरन्शियलखाली फायदा त्याच्या निम्मा, म्हणजे २३-२४ मिलिमीटर. स्पेसरने तर तिथे एक मिलिमीटरही वाढत नाही, कारण तो चासी उचलतो, अॅक्सल जागच्या जागी राहतो. दगडावर आपटणारा भाग आपटतोच.

फायदा असा बोटभर असताना किंमत मात्र रोज मोजावी लागते. व्यास साडेपाच टक्क्यांनी वाढला, की स्पीडोमीटर शंभर दाखवताना गाडी १०५ च्या पुढे असते. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमात स्पष्ट आहे. जड आणि रुंद घेराचे चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. ब्रेक मात्र तेच राहतात. वळवताना टायर मडगार्डला घासतो की नाही, तो मडगार्डच्या बाहेर डोकावतो की नाही आणि त्याची भारक्षमता गाडीच्या वजनाला पुरते की नाही, हे सवाल आणखी वेगळे.

जर्मनीत वजनाचा सवाल तर फारच नाजूक आहे. तिथे साधा बी वर्गाचा परवाना साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला चालतो. पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या इंजिनिअरच्या हाती सहसा तोच असतो. रॅम २५०० चे अनुज्ञेय एकूण वजन साडेचार टनांच्या आसपास जाते. म्हणजे त्याला वरच्या वर्गाचा परवाना हवा. शिवाय साडेतीन टनांवरची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर ऑटोबानवरही तिला ताशी ८० ची मर्यादा. म्हणून काही मालक कागदावर गाडीचे वजन साडेतीन टनांवर उतरवून घेतात. गाडी स्वतःच तीन टनांच्या घरात असल्यावर माल आणि माणसे यांच्यासाठी उरते ते किती? त्या उरलेल्यातून जड टायर, जड रिम आणि पोलादी बंपर आपला वाटा आधी उचलतात. ओझे वाहण्यासाठी घेतलेली गाडी मग स्वतःचे दागिनेच वाहत फिरते.

राहिला ‘गाडी माझी’ हा युक्तिवाद. गाडी मालकाची असते. झोत, ब्रेकचे अंतर आणि बॉनेटची उंची मात्र इतरांच्या वाट्याला येते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली, तर तो दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. हेवी ड्यूटी पिकअप मुळातच उंच; त्यावर आणखी दोन इंच चढवणाऱ्याने ही गोष्ट आपल्यापुरती आहे, असे म्हणू नये.

हे सगळे वाचून बंदीवाले खूश होतील. पण त्यांचेही औषध रोगावर लागू पडत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या घरातच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिले गेले आणि प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. एवढे कडक असूनही कोणत्याही शनिवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर उभे राहा आणि उंचावलेल्या गाड्या पाहा. बंदीने गाड्या खाली आल्या नाहीत. गॅरेजचे काम तेवढे बिनपावतीचे झाले. कोणत्या मिस्त्रीने कोणता स्पेसर घातला, तो कशाचा होता, बोल्ट किती आवळला, याची कुठेही नोंद नाही. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षे चालते. तोवर तिच्याखाली वाकून पाहण्याची सक्ती कोणावर नाही. चांगला मिस्त्री आणि भामटा या दोघांना कायद्याने एकाच रांगेत बसवले आहे, आणि त्यात फायदा भामट्याचा होतो.

आता मंडन. जर्मन वाहन नियमावलीचे कलम १९ तीन गोष्टी विचारते: बदलामुळे गाडीचा मान्य प्रकार बदलला का, इतरांना धोका संभवतो का, धूर किंवा आवाज वाढला का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर गाडीची चालवण्याची मान्यता आपोआप संपते. ती रद्द करायला अधिकारी लागत नाही. त्यानंतर ती गाडी रस्त्यावर आणायची ती फक्त नवी मान्यता मिळवण्याच्या कामासाठी. पण त्याच कलमात वाटही ठेवली आहे. निर्मात्याने भागाची आधीच चाचणी करून मान्यता घेतली असेल, तर ते कागद आणि बसवल्यानंतरची तपासणी एवढ्यावर भागते. तसे कागद नसतील, तर कलम २१ प्रमाणे त्या एका गाडीची स्वतंत्र परीक्षा होते. परीक्षक झोत, स्पीडोमीटर, मडगार्ड, स्टीअरिंग आणि टायरची भारक्षमता पाहतो. उत्तीर्ण झालेला बदल गाडीच्या नोंदणीपत्रात चढतो. पुढे नवी मोटार तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला जाते. साडेतीन टनांवरची मालवाहू गाडी दरवर्षी. तेव्हा कागद आणि गाडी पुन्हा समोरासमोर येतात.

याला कोणी सरकारी जाच म्हणेल, तर त्याने या तपासण्या करणाऱ्या टीयूव्ही संस्थांचा इतिहास पाहावा. १८६५ मध्ये मानहाइममधल्या एका बीअर कारखान्यात बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी स्वतःच तपासणीची संस्था काढली. सरकारने काठी उगारण्याआधी आपणच आपले बॉयलर तपासून घेऊ, ही त्यामागची शहाणी समजूत. आजच्या टीयूव्ही संस्था त्याच परंपरेतून आल्या. मोटारींची ठरावीक तपासणी जर्मनीत १९५१ पासून सक्तीची झाली. आणि जर्मन सरकार हौशीचे वैरी आहे, असेही नाही: २००५ पासून वाहतूक मंत्रालय आणि ट्यूनिंग उद्योग मिळून सुरक्षित बदलांची मोहीम चालवतात, आणि एसेनच्या मोटर शोमध्ये पोलिसांच्या रंगातली, रीतसर मान्यता घेतलेली ट्यून केलेली गाडी मांडतात. हौस करा, पण परीक्षा देऊन करा, असा त्याचा अर्थ.

‘जर्मनीत जमते, इथे नाही जमायचे,’ हा शेवटचा आक्षेप. याचे उत्तर आपल्या रस्त्यांवर रोज धावते. सीएनजी किट हा गाडीतला किरकोळ बदल नव्हे. डिकीत उच्च दाबाची टाकी येते. तरीही आपण त्यावर सरसकट बंदी घातली नाही. मान्यताप्राप्त किट, अधिकृत ठिकाणी बसवणे आणि आरसीवर नोंद, अशी रीत लावली. किटची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. थार तयार होते ती नाशकात. स्प्रिंग, स्पेसर आणि टायर यांची यादी करून त्यांच्या चाचण्या ठरवायला आपल्याला परदेशातून कोणाला बोलवायला नको. आरटीओत भ्रष्टाचार होईल, हे खरे आहे. पण सहीखाली नाव असले, की अपघातानंतर जाब विचारायला एक माणूस तरी सापडतो. आज तोही सापडत नाही.

म्हणून मागणी दोन्ही पक्षांकडे आहे. बंदीवाल्यांनी कलम ५२ मध्ये तपासलेल्या बदलांची वाट उघडण्याला विरोध सोडावा. आणि हौशी मंडळींनी ती वाट उघडल्यावर स्पेसरचा खर्च करताना तपासणीचा खर्चही त्यातच धरावा. ज्याला तो परवडत नाही, त्याला मोठे टायरही परवडत नाहीत.