सारखे की वेगळे? लिनक्सला विचारा!

पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगावच्या पुढे आळेफाटा लागतो. माळशेज घाट उतरून कल्याणला किंवा उलट दिशेने अहिल्यानगरला जाणारा रस्ता इथेच आडवा येतो. फाट्याजवळचे आळे गाव वारकऱ्यांना ठाऊक आहे ते तिथल्या रेड्याच्या समाधीमुळे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर आळ्याला गेला आणि ज्ञानदेवांनीच त्याला समाधी दिली, असे परंपरा सांगते.

आता तुम्ही म्हणाल, “संगणकाच्या सदरात हा रेडा कुठून आला?” ऐका तर! रेड्याने वेद तोंडपाठ म्हटले. पण तुम्हा-आम्हाला पोथी लागते. आणि पोथी आली की नक्कल आली, नक्कल आली की चूकही आली!

ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला. छापखाने नव्हतेच. एकाने पोथी उतरवायची, त्यावरून दुसऱ्याने, त्यावरून तिसऱ्याने. कुठे काना गळे, कुठे मात्रा. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर घसरे आणि मधला मजकूरच सुटे. कुणी हौसेने स्वतःची ओवीही घुसडी. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४), पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. पुन्हा कुणी यात आपली भर घालू नये, असेही बजावले.

‘ताडून पाहणे’ हा शब्द लक्षात ठेवा. आज आपल्याला तेच काम संगणकाकडून करून घ्यायचे आहे.

समजा, सुट्टीत तुम्ही गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, घरोघरचे जुने फोटो स्कॅन केले आणि सगळे संगणकावर ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले. (फोल्डरलाच लिनक्समध्ये डिरेक्टरी म्हणतात बरं का!) मग पेनड्राइव्हवर ‘प्रत’ नावाच्या फोल्डरमध्ये त्याची नक्कल केली. आता संगणकावर जागा उरली नाही, म्हणून दादा म्हणतो, “मूळ पुसून टाकू का? मी मोजलंय. इकडे २४० फायली, तिकडेही २४०.”

थांबा! मोजणी जुळली म्हणजे मजकूर जुळला असे नाही. तुमच्या वर्गातला एक मुलगा गैरहजर आहे आणि शेजारच्या वर्गातला एक येऊन बसला, तर पट तेवढाच भरेल की नाही? शिवाय नक्कल होत असताना कुणी पेनड्राइव्ह उपटला, तर फाइलचे नाव दिसेल, पण आत अर्धीच ओवी असेल. ती ओवी पुन्हा म्हणायला आजी असेलच असे नाही. म्हणून पुसण्याआधी ताडून पाहायचे.

हे काम करणाऱ्या आज्ञेचे नाव आहे ‘डिफ’. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीसाठी ती तयार झाली. डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी तिची रीत १९७६ साली लिहून प्रसिद्ध केली. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे आणले. त्या लिनक्सवरही डिफ आहेच.

टर्मिनल उघडा. डी-आय-एफ-एफ ही इंग्रजी अक्षरे लहान लिपीत टाइप करा. एक जागा सोडा. मग छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून आर व क्यू ही अक्षरे, तीही लहान लिपीतच. पुन्हा जागा सोडून पहिल्या फोल्डरचे नाव, आणखी जागा सोडून दुसऱ्याचे. शेवटी एंटर. ‘आर’ म्हणजे आतल्या फोल्डरांतही शिर. ‘क्यू’ म्हणजे थोडक्यात सांग. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता लांबलचक असतो. तो टाइप करत बसू नका. बहुतेक लिनक्सवर फोल्डर माउसने ओढून टर्मिनलमध्ये सोडला की पत्ता आपोआप उमटतो.

उत्तर तीन तऱ्हांचे येते. ‘ओन्ली इन’ म्हणजे ही फाइल फक्त याच फोल्डरमध्ये आहे. ‘डिफर’ म्हणजे नाव एकच, पण आतला मजकूर वेगळा. आणि तिसरे उत्तर? काहीच नाही! फोल्डर दोन्हीकडे तंतोतंत सारखे असले, तर डिफ मुकाट बसते. एखाद्या फाइलचे नुसते नाव बदलले असेल, तर मात्र ती दोनदा ‘ओन्ली इन’ म्हणून दिसेल, जुन्या नावाने इकडे आणि नव्या नावाने तिकडे. तेवढ्याने घाबरू नका.

एक खुबी आणखी. नक्कल केल्या-केल्या तपासू नका. लिनक्स नुकत्याच हाताळलेल्या फायली आपल्या स्मृतीत ठेवते आणि तपासताना तिथूनच वाचू शकते. म्हणून पेनड्राइव्ह आधी ‘इजेक्ट’ करा, काढून पुन्हा लावा आणि मग डिफ चालवा. म्हणजे खरोखर पेनड्राइव्हवर काय उतरले आहे ते कळेल.

आधी घरी खेळून पाहा. ‘होम’मध्ये ‘मूळ’ आणि ‘प्रत’ असे दोन फोल्डर करा. (हो, मराठी नावे चालतात!) दोन्हीकडे त्याच तीन छोट्या मजकुराच्या फायली ठेवा. मग ‘प्रत’मधल्या एका फाइलमधला फक्त एक काना पुसा, दुसरी फाइल काढूनच टाका आणि डिफला विचारा. नंतर ‘क्यू’ न घालता विचारा. आता बदललेली ओळच समोर येईल! डावीकडे टोक असलेली खूण पहिल्या फोल्डरमधल्या ओळीची, उजवीकडे टोक असलेली दुसऱ्याची. डिफ फक्त वाचते, काही बदलत नाही, तेव्हा बिनधास्त करा.

आणि हो, फरक दाखवणे एवढेच डिफचे काम. दोहोंपैकी बरोबर कोणते, हे तिला कळत नाही. ते नाथांना ठरवावे लागले, तसेच तुम्हालाही. ओवी ऐकून पाहा, फोटो उघडून पाहा, शंका असेल तर आजीलाच विचारा.

आईबाबांसाठीही एक गोष्ट. डिफ मुकाट राहिली तरी मूळ पुसल्यावर हाती एकच प्रत उरते, आणि पेनड्राइव्ह हरवतोही. म्हणून दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत करा, तीही ताडून पाहा आणि ती मामाच्या किंवा आत्याच्या घरी ठेवा. मग दादाला खुशाल सांगा, “आता पूस!”