केमारीची आग कोणाच्या नावे?

परंड्याच्या किल्ल्यात आजही तोफा पाहायला मिळतात. पण या किल्ल्याची सर्वांत नामांकित तोफ तेथे नाही. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली मुलुखमैदान पुढे परंड्यास होती आणि १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. तिच्या अंगावर लेख कोरलेले आहेत. ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचे नाव त्यांत आहे, निजामशहाचे आहे, आणि ज्याने ती ओतविली नाही की डागली नाही त्या औरंगजेबाचेही आहे. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मुलुखमैदान आपण काबीज केल्याचे त्याने तिच्यावरच कोरवून घेतले. बत्ती देणाऱ्या गोलंदाजाचे नाव मात्र कोठेच नाही.

युद्धाचे श्रेय कोणाच्या नावे लिहिले जाते, हा प्रश्न म्हणूनच जुना आहे. १९७१ च्या भारत-पाक युद्धातील कराची बंदराच्या आगीबाबत तो आजही विचारला जातो. केमारी येथील तेलाच्या टाक्या नौदलाने पेटविल्या की हवाई दलाने?

घटनाक्रम असा आहे. ४ डिसेंबर रोजी जामनगरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी केमारीच्या टाक्यांवर दिवसाउजेडी हल्ला चढविला. त्याच रात्री 'ऑपरेशन ट्रायडंट'मध्ये कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्रनौका कराचीसमोर जाऊन धडकल्या. सोव्हिएत बनावटीच्या या लहान नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या. त्यांना दोरखंडाने ओढत शत्रूच्या दारापर्यंत नेण्याची कल्पना अफाटच म्हणावी लागेल. पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंगशोधक मुहाफिज बुडाल्या, दारूगोळा नेणारे व्हीनस चॅलेंजर हे जहाजही बुडाले आणि भारताचा एकही सैनिक कामी आला नाही. निपातने एक क्षेपणास्त्र केमारीच्या रोखाने सोडले होते. चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, 'ऑपरेशन पायथन'मध्ये लेफ्टनंट कमांडर विजय जेरथ यांच्या विनाश या एकट्या क्षेपणास्त्रनौकेने त्रिशूल आणि तलवार या युद्धनौकांच्या साथीने पुन्हा हल्ला केला, आणि टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या.

एकाच लक्ष्यावर एकाच दिवशी दोन दलांचे घाव पडल्यावर वाद होणे अटळ होते. त्यात खुद्द शत्रूचाही गोंधळ उडाला होता. आपल्यावर विमानांनी हल्ला केल्याचे खैबरने बुडताना बिनतारी संदेशाने कळविले. वस्तुतः तो घाव क्षेपणास्त्राचा होता. दोन दिवसांनी पाकिस्तानच्याच हवाई दलाने आपली झुल्फिकार ही नौका भारतीय समजून भाजून काढली. ज्याच्यावर घाव पडला त्यालाच घाव कोणाचा हे कळले नाही, तर मागे राहिलेल्यांनी छातीठोकपणे एकाच दलाचे नाव घ्यावे, हे जरा धाडसाचेच.

तरीही ते घेतले गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचे आत्मचरित्र २००४ मध्ये निघाले, त्याचे नावच 'द मॅन हू बॉम्ब्ड कराची'. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कोहली यांनी 'वी डेअर्ड' लिहिले. हवाई दलप्रमुख प्रतापचंद्र लाल यांच्या आठवणी त्यांच्या निधनानंतर १९८६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सेनानींनी लिहू नये असे कोणी म्हणणार नाही. पण सेनापतींची पुस्तके निघतात. जामनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब आणि गोळ्या चढविणाऱ्यांची निघत नाहीत, की निपातच्या यंत्रघरात घामाने निथळत उभ्या असलेल्यांचीही नाहीत.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट पाहिले तर भांडणाला फारसा आधार उरत नाही. केमारीवर पहिला घाव हंटर वैमानिकांचा, हे मान्य करण्यात नौदलाचे काही जात नाही. कारण कराची बंद पडले ते केवळ टाक्या जळाल्या म्हणून नव्हे. समुद्रातून, अंधारातून, दिसत नसलेल्या नौकेकडून मृत्यू येतो हे कळल्यामुळे जहाजे बंदराबाहेर पडेनात, आणि तटस्थ देशांच्या जहाजांना सुखरूप वाट मिळावी म्हणून भारताकडे विनंत्या आल्या. ती दहशत क्षेपणास्त्रनौकांची. ४ डिसेंबर हा नौदल दिन ठरला तो योग्यच. २०२३ मध्ये शिवरायांच्या सिंधुदुर्गाच्या साक्षीने तो साजरा झाला, तेव्हा कोणत्याही मराठी माणसाचा ऊर भरून आला असेल. पण त्याच तारखेला जामनगरहूनही कोणी उडाले होते, एवढे दोन शब्द त्या दिवशी उच्चारले जायला हवेत.

खरी उणीव वेगळीच आहे. संरक्षण मंत्रालयाने तयार करविलेला या युद्धाचा इतिहास दीर्घकाळ बासनात पडून होता. २००० साली एका वृत्तपत्राने तो उघड केला तेव्हा लोकांच्या दृष्टीस पडला. सरकारनेच लिहविलेला विजयाचा इतिहास जनतेला असा आडवाटेने मिळावा, हे कोणत्या सुरक्षेसाठी? २०२१ मध्ये मंत्रालयाने नवे धोरण आखले, त्यानुसार युद्धनोंदी साधारणतः २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात. १९७१ च्या नोंदींची ही मुदत १९९६ मध्येच भरली. जामनगरच्या उड्डाणनोंदी, निपात आणि विनाश यांच्या रोजनिश्या, तसेच पश्चिम नौदल विभाग आणि हवाई दल यांच्यातील त्या आठवड्याचा संदेशव्यवहार एकत्र छापावा, नावानिशी आणि वेळेनिशी. त्या रात्री कराचीसमोर असलेले विशीतले खलाशी आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.