नेट चालू आहे, पण परतीचा रस्ता कुठे आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दोन नेटवर्क जोडून दाखवली. एक गोष्ट त्यात सांगायची राहिली. खरं तर राहिली नाही, कॅमेऱ्यासमोर सांगायचा धीर झाला नाही. ती इथे लिहिते.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. खाली काउंटर आणि मागच्या गल्लीत गोडाऊन, मध्ये एक केबल टाकलेली. काउंटरवर बिल झालं की गोडाऊनमधल्या प्रिंटरवर चिठ्ठी निघते आणि पोरं माल काढून आणतात. त्या दिवशी सकाळी नेट बंद पडलं. मी राउटरच्या मागच्या भोकात पिन घातली, रिसेट केला. कंपनीच्या हेल्पलाइनवाल्याने युजरनेम, पासवर्ड सांगितला, नेट सुरू झालं. मी खूश. अर्ध्या तासाने कळलं की चिठ्ठ्याच निघत नाहीत आणि गोडाऊनच्या कॉम्प्युटरला नेटही नाही.

मग दिवसभर कागदावर लिहून पोरांना पळवलं. चुकीच्या मापाचे डबे आले, गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. ज्या मुलाने हे सगळं बसवून दिलं होतं, तो दुसऱ्या गावाला होता. संध्याकाळी सातला आला आणि राउटरच्या पानावर एकच ओळ टाकली. दोन मिनिटांत सगळं सुरू! मी त्याच्यावरच ओरडले, "तू काम कच्चं केलंस," म्हणून त्याच्या राहिलेल्या बिलातले ५०० रुपये कापले. तो काही बोलला नाही.

दोन महिन्यांनी मी स्वतः हे शिकायला बसले तेव्हा कळलं की ती ओळ मीच पुसली होती.

म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याच्या दुकानात एकाहून जास्त नेटवर्क आहेत, त्याने राउटिंगचं निदान प्राथमिक ज्ञान घ्यावंच. "आम्ही धंदा करायचा की हे?" असं तुम्ही म्हणाल. जीएसटीचं पोर्टल आलं तेव्हाही आपण हेच म्हणत होतो ना? शेवटी शिकलोच की. सीएला काम देतो, पण तो काय भरतोय हे आपल्याला कळतं. इथेही तेवढंच हवं.

आता ती ओळ काय होती ते बघा. दुकानाचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, गोडाऊनचं १९२.१६८.२ चं. गोडाऊनचा राउटर दुकानाच्या नेटवर्कमध्ये १९२.१६८.१.२ या पत्त्यावर उभा आहे. राउटर हा चौकात उभ्या असलेल्या माणसासारखा असतो. त्याला पूर्ण रस्ता माहीत नसतो, पुढच्या चौकापर्यंत कसं जायचं एवढंच तो सांगतो. आणि पत्ता यादीत नसेल, तर "मेन रोडला जा" म्हणतो. तो मेन रोड म्हणजे डिफॉल्ट गेटवे, म्हणजे इंटरनेट. दुकानाच्या राउटरला सांगावं लागतं की २ नंबरच्या नेटवर्कचं काहीही आलं तर ते १९२.१६८.१.२ कडे दे. याला स्टॅटिक राउट म्हणतात. मी रिसेट केल्यावर ही ओळ गेली आणि गोडाऊनचा सगळा माल मेन रोडवर जाऊन हरवायला लागला.

आता खरी गंमत. गोडाऊनमधून बिलिंगच्या कॉम्प्युटरला पिंग केलं असतं, तर ते जाताना नीट पोचलं असतं. उत्तर परत येत नव्हतं. पण स्क्रीनवर दोन्हीचं एकच दिसतं, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". शिकणारे बहुतेक जण जाण्याचाच रस्ता दहा वेळा तपासतात. मीही तेच करायचे. कुरिअर पोचलं, पण पोच आली नाही, तर दोष पाठवण्यात आहे की पोच येण्यात, हे आधी ठरवायला नको का?

त्यामुळे पिंग टप्प्याटप्प्याने करा. आधी आपला गेटवे, मग समोरचा राउटर, मग त्याच्या पलीकडचं मशीन. कुठे थांबतंय ते कळलं की अर्धं काम झालं. ट्रेसर्ट चालवलं तर वाटेतले चौक दिसतात. गोडाऊनचा पत्ता टाकल्यावर पॅकेट इंटरनेट कंपनीकडे निघालेलं दिसलं, तर राउट नाही हे तिथेच समजतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा दुसऱ्या नेटवर्कमधून आलेलं पिंग अडवतो. तेव्हा उत्तर नाही म्हणजे रस्ताच नाही, असं लगेच धरू नका. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ च ठेवू नका. नवीन राउटर डब्यातून काढला की बहुतेक वेळा तोच पत्ता घेऊन येतो. एकाच गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या तर पोस्टमन काय करणार?

ही चूक फक्त आपल्यासारख्यांचीच होते असं समजू नका. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या टेलिकॉम कंपनीने देशात यूट्यूब बंद करायला एक राउट टाकला, तो बाहेर पसरला आणि जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब सुमारे दोन तास दिसेना. जास्त नेमका पत्ता सांगणाऱ्यावर राउटर आधी विश्वास ठेवतात, आणि चुकीचा राउट यूट्यूबच्या स्वतःच्या राउटपेक्षा जास्त नेमका होता. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप गेलं होतं, आठवतंय? फेसबुकच्या एका चुकीच्या कमांडने त्यांचे स्वतःचेच रस्ते जगाच्या नकाशावरून पुसले गेले. सुमारे सहा तास! एवढी मोठी कंपनी, आणि दुखणं माझ्या पिनसारखंच.

शिकायला महागडा कोर्स लागत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर खातं उघडलं की फुकट मिळतं. त्यात दोन राउटर, दोन कॉम्प्युटर जोडा आणि मुद्दाम एका बाजूचा राउट काढून टाका. सगळं चालू असलेलं बघून मला फारसं काही कळलं नाही. मोडल्यावर कळलं. कमांड पाठ करायच्या मागे लागू नका, त्या शोधल्या की सापडतात.

आणि आज दुकान बंद करण्याआधी एक करा. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या, नाहीतर निदान पानांचे फोटो काढून ठेवा. पिन घालायची वेळ येतेच.

त्या मुलाला मी नंतर फोन केला आणि ५०० रुपये पाठवले. म्हणाला, "ताई, मला तेव्हाच कळलं होतं रिसेट झालाय ते. पण तुम्ही त्या दिवशी ऐकण्याच्या मूडमध्ये नव्हता." या दिवाळीआधी तो गोडाऊनची केबल बदलायला येणार आहे. राउट मात्र मी टाकणार, तो फक्त बघणार, असं ठरलंय.