मंच वाढला, मैदान वाढले. बाईची जागा कुठे आहे?

'परदेशी रॉक संगीताचा जलसा हा काय आपल्या चळवळीचा विषय?' असे काही मैत्रिणी विचारतील. रेशन, पाणी, मारहाण, नोकरी एवढे सगळे समोर असताना गिटार आणि ढोल कशाला? प्रश्न रास्त आहे. पण जिथे हजारो मुली तिकीट काढून जातात आणि कितीतरी बायका मोलाने राबतात, ती जागा आपल्या विषयाबाहेर कशी? 2023 च्या जानेवारीत 'लोलापालूझा' मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आला. पुढच्या वर्षांतही तो येत राहिला. तेव्हा तो वाढला कसा आणि त्या वाढीत बाईचे काय झाले, हे आपण तपासले पाहिजे.

1991 साली अमेरिकेत पेरी फॅरेल या गायकाने आपल्या 'जेन्स ॲडिक्शन' या बँडच्या निरोपाच्या दौऱ्यासाठी हा उत्सव उभा केला. तमाशाचा फड गावोगाव फिरतो तसा हा तांडा शहरोशहरी फिरे. संगीत कर्कश, संतप्त, बाजाराच्या चाकोरीबाहेरचे. म्हणून त्याला 'पर्यायी' म्हणत. मैदानात राजकीय, सामाजिक संघटनांची टेबलेही लागत. पण पर्याय कोणाला? पहिल्या वर्षी मंचाच्या मध्यभागी उभी राहून गाणारी ठळक बाई एकच होती, 'बॅन्शीज'ची सूझी. बाकी सगळे बंड पुरुषांचे!

पुढे बायकांनी जागा मिळवली. 1993 मध्ये 'बेब्स इन टॉयलँड' हा बायकांचा बँड आला. 1994 मध्ये 'एल-सेव्हन' आणि किम डीलचा 'ब्रीडर्स' आला. ही 'एल-सेव्हन'ची मंडळी नुसती गाणारी नव्हती. गर्भपाताच्या हक्कासाठी 1991 साली 'रॉक फॉर चॉइस' ही मोहीम सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ज्या हक्कासाठी त्या उभ्या राहिल्या, त्याचे देशव्यापी घटनात्मक संरक्षण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये काढून घेतले. त्यांना उगाच आरडाओरडा करणाऱ्या पोरी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

1995 मध्ये मुख्य मंचावर कोर्टनी लव्हचा 'होल' हा बँड होता. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तिने मंचावरून गर्दीत उडी घेतली, तेव्हा त्या गर्दीने तिचे कपडे फाडले. पुरुष गायक उडी घेतो तेव्हा गर्दी त्याला झेलते. बाईने घेतली तर गर्दी तिला ओरबाडते. या अनुभवातून तिने गाणे लिहिले. त्याचे नाव 'आस्किंग फॉर इट', म्हणजे आपल्याकडचे 'तिनेच ओढवून घेतले'. कोर्टात, पोलीस चौकीत, घरात आपण हे वाक्य किती वेळा ऐकले आहे!

आणि मग 1996 साल आले. उत्सवाने अवजड संगीताची मोठी नावे आणली: मेटॅलिका, साउंडगार्डन, रमोन्झ, रॅन्सिड. सगळे पुरुष. मेटॅलिकाला बोलावण्यास खुद्द फॅरेलचा विरोध होता. वाद गाजला तो 'हे संगीत पर्यायी आहे का' यावर. बायका गेल्या कुठे, हा प्रश्न त्या वादात मागेच पडला. बाजार मोठा करायचा ठरला की पहिली काटछाट आपल्या जागेची होते, हे कारखान्यात आपण पाहिले आहे. मंचावरही तेच झाले.

1997 साली सॅरा मॅक्लाक्लन या कॅनडाच्या गायिकेने उत्तर दिले. एकामागोमाग दोन बायका ठेवल्या तर तिकिटे खपत नाहीत, असे आयोजक म्हणत. तिने 'लिलिथ फेअर' हा बायकांचाच फिरता उत्सव काढला आणि तो जोरात चालला. तिकिटांच्या पैशांतला वाटा गावोगावच्या स्त्री-संस्थांना गेला. पहिल्या वर्षी तिथे गोऱ्या गायिकांचाच भरणा होता, ही टीकाही खरी होती. पण 'बायकांना ऐकायला कोण येणार' ही थाप कायमची उघडी पडली.

लोलापालूझाचा दौरा 1997 नंतर बंद पडला, 2003 मध्ये पुन्हा निघाला आणि 2005 पासून शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये स्थिरावला. मग चिली, ब्राझील, जर्मनी अशा शाखा निघाल्या. आज त्यामागे 'लाइव्ह नेशन' ही बलाढ्य कंपनी आहे. मुंबईत 2023 मध्ये सर्वांत वरची नावे 'इमॅजिन ड्रॅगन्स' आणि 'द स्ट्रोक्स'. 2025 मध्ये 'ग्रीन डे' आणि शॉन मेंडेस. पुन्हा पुरुषच.

प्रश्न मंचापुरता नाही. मंचासमोर एकमेकांवर आदळत नाचण्याची या संगीताची रीत आहे. ऑस्ट्रेलियात असाच एक फिरता उत्सव होता, 'बिग डे आउट'. 2001 च्या जानेवारीत सिडनीत त्याच्या गर्दीत एक किशोरवयीन मुलगी चिरडली आणि काही दिवसांनी मरण पावली. चौकशीत गर्दीच्या व्यवस्थेवर ठपका आला. दाटीत हवा मिळत नाही आणि हात कोणाचा ते कळत नाही. लोकलमध्ये, जत्रेत, दहीहंडीत आपण हेच भोगतो.

इथे दोन प्रकारचे लोक पुढे येतील. एक संस्कृतीचे ठेकेदार: 'मुलींनी असल्या ठिकाणी जाऊच नये.' दुसरे धंदेवाले: 'एवढ्या गर्दीत थोडेफार व्हायचेच.' दोघांचा निष्कर्ष एकच, किंमत मुलीने मोजायची. आपल्याला दोन्ही नामंजूर आहे. मुली जातील, नाचतील, ओरडतील आणि धडधाकट घरी येतील.

म्हणून नुसता निषेध नको, मागण्या हव्यात. शिकागोत लैंगिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी 'अवर म्युझिक, माय बॉडी' ही मोहीम काढली आणि संगीत उत्सवांत आपली टेबले लावली. आपणही परवानगी देणाऱ्या महापालिकेला आणि पोलिसांना विचारू या: गर्दीची मर्यादा किती? तक्रार घ्यायला मैदानात बाई कुठे बसणार? रात्री परतीची सोय काय? 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा रोजंदारीच्या आणि कंत्राटी बाईलाही लागू आहे. मग तिथे झाडू मारणारी, तिकिटे तपासणारी, दिवे लावणारी आणि गाणारी, या सगळ्यांसाठी समिती कुठे आहे? तिच्या सदस्यांची नावे फाटकावर लावा.

उत्तरे लेखी मागू या. उत्सव मोठा झाला असेल, तर त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी झाली पाहिजे.