मोबाईल बापाच्या खिशात, ओटीपी पोरीला

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालची एखादी मुलगी बी.ए.ला प्रवेश घेते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला नेट कॅफेत बसते. पासवर्ड टाकते, तर पडद्यावर सूचना येते, मोबाईलवर आलेला ओटीपी टाका. घरात मोबाईल एकच. तो बापाच्या खिशात आणि बाप मजुरीसाठी परगावी. संध्याकाळी त्याने फोन उचलला तेव्हा ओटीपीची मुदत कधीच संपलेली असते. अशा मुलींनी काय करावे?

दुहेरी पडताळणीला आमचा विरोध नाही. उलट ती हवीच. एक पुरावा डोक्यात, म्हणजे पासवर्ड; दुसरा हातात, म्हणजे मोबाईल. एक चोरीला गेला तरी दुसऱ्यावाचून खाते उघडत नाही. आज कित्येक पोरांचे पासवर्ड नेट कॅफेवाल्याच्या वहीत लिहिलेले असतात. ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्याच हाती अर्ज आणि ईमेल! तेव्हा कुलूप दोन असण्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या कुलपाची किल्ली प्रत्येकाच्या खिशात आहेच, असे व्यवस्थेने परस्पर गृहीत धरले, ही तक्रार आहे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या शिष्यवृत्तीवर आपल्या पिढ्या शिकल्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, गुणपत्रिका हे सारे जमवून पोरगी महाडीबीटीच्या दारात येते आणि सहा आकड्यांपाशी अडते. रिचार्ज न केलेले सिम काही महिन्यांनी बंद होते, तोच नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. मग आधारला जोडलेला नंबर बदलण्यासाठी पुन्हा रांग, पुन्हा बुडालेली मजुरी. घरात दुसरा मोबाईल आलाच तर तो आधी पोराच्या हाती जातो, हेही आपल्याच वस्त्यांत घडते. ते कबूल करायला लाज कसली?

यावर उपाय नाहीत असे नाही. गुगलच्या खात्याला दहा राखीव संकेतांक मिळतात. ते कागदावर उतरवून ठेवता येतात, प्रत्येक एकदाच चालतो, मोबाईल लागत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅप दर तीस सेकंदांनी नवा आकडा देते, त्याला रेंज लागत नाही. मग हीच सोय विद्यापीठाच्या खात्यांना आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलला का नसावी? अमरावतीचे विद्यापीठ वरवट बकालहून शंभर किलोमीटरहून दूर आहे. खाते अडले म्हणून पोरीने तिथवर जायचे काय? तालुक्याच्या महाविद्यालयातच प्राध्यापकाने ओळखपत्र पाहून, सहीनिशी खाते उघडून द्यावे, असा अधिकार त्याला हवा.

संत गाडगेबाबांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाकडे ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लेखी न्यावी, आणि अर्जाची मुदत संपण्याआधी न्यावी. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीतून काढून त्याच्या स्वतःच्या वहीत आणावा.